न चाखलेलं हिरवं चीज

त्सोना आमच्या बल्गेरियाच्या डोंगरातली नव्हे. डॅन्यूबकाठच्या शहरात, इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरी उकळायची. आमचा वेल्को मेंढपाळ. पाय मोडून त्या इस्पितळात पडला आणि महिन्याभरानं लंगडत आला तो हिला घेऊनच. त्यांचं घर माझ्या भिंतीला लागून.

पहिल्याच शरदात वेल्कोनं वरच्या कुरणावरून चीजचं लाकडी पिंप खाली आणलं आणि झाकण काढलं. उन्हाळाभर फटींतून खारं पाणी झिरपून गेलेलं, चीजवर हिरवीगार बुरशी. आम्ही शेजारी पाव घेऊन जमलो होतो. त्सोनानं वाकून पाहिलं आणि तोंड दाबून अंगणात पळाली.

मी मागे गेले, तर म्हणते, "अक्का, ही माणसं कुजलेलं खातात."

"कुजलेलं नव्हे गं, पिकलेलं," वेल्को आतून म्हणाला. "तुमच्या इस्पितळात बुरशीचंच औषध मला दिलं की."

"टोचलं होतं. ताटात नव्हतं वाढलं."

तेव्हापासून पिंप तळघरात राहिलं. अडतीस वर्षं वेल्को खाली जाऊन एकटा चीज खायचा, नळावर चूळ भरायचा, मगच वर यायचा. एरवी त्या दोघांत कधी वाकडा शब्द मी ऐकला नाही.

एका मार्चमध्ये छातीत कळ येऊन वेल्को गेला. चाळिसाव्या दिवसाची मृतासाठीची प्रार्थना झाल्यावर त्सोनानं उरलेलं चीज माझ्या डुकरांना घातलं, पिंप गरम पाण्यानं घासलं, तळघराला चुन्याचे दोन हात दिले. माणूस दुःखात काहीतरी करतंच.

ऑक्टोबरात ती माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "अक्का, घरात कसलाच वास येत नाही."

"कसला वास हवाय?"

"त्याचा कोटही मी धुऊन टाकला," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं खालच्या गावातून मेंढीचं दूध आणलं, मला विचारविचारून चीज केलं, मीठ लावून तळघरातल्या त्याच पिंपात भरलं. शरदात झाकण काढलं तर सगळं पांढरंफेक.

"चुना मारलास ना," मी म्हटलं. "आता तिथं काय उगवणार?"

तिनं खराट्यानं भिंती खरवडल्या, ओल राहावी म्हणून पाणी शिंपडलं. दुसऱ्या वर्षीही काही नाही. तिसऱ्या वर्षी तिनं मला हाक मारली. पिंपाच्या एका कडेला हिरवट लव धरली होती.

तिनं नखाएवढा तुकडा तोंडात टाकला. उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. मग माझ्यापुढे धरला.

"तुम्ही खाऊन सांगा. त्याचं असंच लागायचं का?"

मी चाखलं. वेल्कोच्या चीजची सर नव्हती, मागून कडवटही लागत होतं. खोटं बोलायचं मनात आलं, पण जमलं नाही.

"त्याचं याहून तिखट असायचं."

ती मान हलवत राहिली. "मला कुठून कळणार. दर वर्षी तो जिन्यावरून विचारायचा, त्सोने, एक घास घेतेस का? मी वर दार लावून घ्यायचे."

मग तिनं पाव कापला, त्यावर हिरव्या कडेचं चीज जरा जाडच ठेवलं आणि अगदी सावकाश, एकेक घास थांबून थांबून, खात बसली.