मामंजींच्या मॅग्नमची नऊ काडतुसं

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर माझ्या सासऱ्यांनी आपली रायफल ठाण्यात जमा केली होती. तीन वर्षांनी नवा परवाना मिळाला आणि ती परत आली. ती त्यांनी एका परतीच्या वाटेवरल्या इंग्रज इंजिनियरकडून घेतली होती. तिच्या नळीवर मॅग्नम असा शब्द कोरलेला होता आणि तिला लागणारं काडतूस मुंबईपासून हैदराबादपर्यंत कुठल्याच दुकानात मिळत नसे. दुकानदार नमुना हातात घेऊन त्याच्या बुडाशी उठलेला पितळेचा पट्टा बघत आणि मान हलवत. "ये तो हमने देखाच नै, साहब."

म्हणून मामंजींनी उडवलेल्या काडतुसाची एकही रिकामी पुंगळी कधी फेकली नाही. इंग्रजाने रायफलीबरोबर एक लाकडी पेटी दिली होती. तिच्यात पुंगळी परत मापात आणायचे साचे होते, दाबयंत्र होतं आणि नुसत्या गोळ्यांची दोन खोकी होती. बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोप्या आणि दारू हैदराबादेहून येत. काडतुसं भरायच्या परवानगीचा कलेक्टर कचेरीचा कागद भिंतीवर चौकटीत लावलेला होता.

मी लग्न होऊन औरंगपुऱ्यातल्या त्या घरात आले तेव्हा मामंजी एकटेच काडतुसं भरत. सासूबाई नव्हत्या. माझे यजमान महसूल खात्यात, सदा दौऱ्यावर. मी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. एकदा मी त्यांना सराफाच्या जुन्या काट्यावर दारू तोलताना पाहिलं आणि न राहवून म्हणाले, "मामंजी, हा काटा एका बाजूला झुकतोय."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग तू तोल."

तेव्हापासून तोलणं माझ्याकडे आलं. कॉलेजातला एक जुना, बाद झालेला पण अचूक काटा मी विभागप्रमुखांना विचारून घरी आणत असे. साच्यातून पुंगळी काढायची, मागे नवी टोपी बसवायची, तोललेली दारू नरसाळ्यातून ओतायची, वर गोळी दाबायची. बोलायचं नाही. कणभर दारू जास्त झाली तर नळी फुटू शकते आणि रायफलीच्या मागे माणसाचा चेहरा असतो, एवढं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दारूचे डबे दोन होते. एकात रायफलीची दारू, सावकाश जळणारी, बारीक काळ्या काड्यांसारखी. दुसऱ्यात पूर्वीच्या बारा बोरच्या छऱ्यांच्या बंदुकीची, चपट्या चकत्यांची, भस्सकन पेटणारी; ती रायफलीत गेली तर नळी फुटलीच. दोन्ही डबे एकाच मापाचे होते. मामंजींचं शिक्षण उर्दूतलं, त्यामुळे चिठ्ठ्या त्यांच्या उर्दू अक्षरातल्या. मला उर्दू येत नव्हती म्हणून मी रायफलीच्या डब्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला होता. मी दोरा बघायची, ते चिठ्ठी वाचायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर पिशोरच्या डोंगरात बिबट्या माजला. आमची थोडी जमीन तिकडे होती. आधी कुत्री गेली, मग मेंढरं. मग एका धनगराची बायको मेंढरू सोडवायला धावली तर त्याने तिचा खांदा फोडला. तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. एका शनिवारी तो धनगर दवाखान्यातून थेट आमच्या ओसरीवर आला. तरणा, उंच माणूस, धोतरावर वाळलेलं रक्त तसंच.

"मालक, सरकारी हुकूम निघालाय म्हंत्यात. पर मारणार कोन? जंगलखात्याकडं धड बंदूक नाय. तुमची रायफल लई लांबून मारती, म्या लहानपणापून ऐकतोय."

"बाई कशी आहे?" मामंजींनी विचारलं.

"जगंल म्हंत्यात. हाताचं काय सांगत न्हाईत."

मामंजींनी मला आत बोलावलं. भरलेलं एकही काडतूस शिल्लक नव्हतं. नऊ पुंगळ्या धडक्या होत्या. "उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "भरून टाकू. सोमवारी सकाळी जंगलखात्याची जीप येईल."

रविवारी दुपारी आम्ही बसलो. सात पुंगळ्या झाल्या तेव्हा कॉलेजचा शिपाई प्रयोगशाळेची किल्ली मागायला आला. मी डबा झाकण लावून कोनाड्यात ठेवला आणि उठले. किल्ली सापडेना. शोधण्यात आणि त्याच्याशी बोलण्यात दहा-पंधरा मिनिटं गेली. परत आले तर मामंजी हात पुसत होते.

"दोन राहिल्या होत्या, मी भरल्या. गोळ्याही बसवल्या. झालं काम."

नऊ काडतुसं फळीवर ओळीने उभी होती. दोन्ही डबे झाकण लावून कोनाड्यात ठेवलेले. मी काहीच विचारलं नाही. खरं तर मला बरंच वाटलं, कारण माझी पाठ दुखत होती.

सोमवारी सकाळी जीप आली आणि ते गेले. मी काट्याची पेटी घेऊन कॉलेजला गेले. तास संपल्यावर काटा कपाटात ठेवण्याआधी पुसावा म्हणून पारडं काढलं. पारड्याच्या कडेखाली तीन कण चिकटले होते. मी ते ब्रशने पांढऱ्या कागदावर पाडले आणि खिडकीशी नेले.

चपट्या चकत्या होत्या.

रविवारी बसण्याआधी ते पारडं मी स्वतः धुऊन पुसलं होतं. माझ्या हातून बारा बोरच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. म्हणजे ती दारू त्या पंधरा मिनिटांत पारड्यावर आली होती. मला आठवलं, गेले काही महिने मामंजी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवत आणि "आज काही खास नाही" म्हणत. पायरी उतरताना आधी पायाने चाचपत. मी पाहिलं होतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

नऊपैकी दोन काडतुसं. कुठली दोन ते कुणालाच माहीत नाही.

तार करून उपयोग नव्हता. पिशोरला ती उद्या पोचली असती. मी प्रमुखांना "घरी अडचण आहे" एवढंच सांगितलं आणि बसस्टँडवर गेले. कन्नडची गाडी सव्वाबाराला सुटली. खुलताबादच्या चढाला तिचं पाणी उकळलं. ड्रायव्हर उतरला, बिडी पेटवली, क्लीनर डबा घेऊन विहीर शोधायला गेला. मी खिडकीतून उन्हाकडे बघत होते. मामंजी मचाणावर कधी चढतात ते मला ठाऊक होतं. मावळतीला सूर्य कासराभर वर असताना.

कन्नडला पिशोरची गाडी निघून गेली होती. सरकीची पोती घेऊन जाणारा एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, एकटीच? कोन आजारी हाय का?" मी हो म्हणाले.

पिशोरच्या वेशीत विचारलं तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मचाण गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर होतं, अर्ध्या तासाची वाट. मी वहाणा हातात घेतल्या आणि निघाले. काही वाट पळत, काही चालत. कडेला जीप उभी होती. पुढे करवंदीच्या जाळीमागे जंगलखात्याचा गार्ड बसला होता. त्याने मला पाहिलं आणि धावत येऊन माझा दंडच धरला.

"कुठं चाललात? शेरडू बांधलंय. आवाज करू नका."

"त्यांच्याकडची काडतुसं खराब आहेत," मी कुजबुजले. "मला त्यांच्यापर्यंत जाऊ द्या."

"आत्ता? समोरच्या दरडीत हाललंय काही तरी. धनगर झाडाखालीच हाय, तो इशारा देईल. खाली बसा."

मला ओढ्यापलीकडचं झाड दिसत होतं. फांद्यांत बांधलेली बाज, तिच्यावर मामंजींची खाकी पाठ. खाली बुंध्याला चिकटून धनगर. शेळी इतका वेळ ओरडत होती, ती एकदम गप्प झाली. धनगराने हात वर केला. मामंजींनी रायफल खांद्याला लावली.

मी गार्डचा हात झटकला आणि ओरडले, "मामंजी, चाप ओढू नका! काडतूस फुटेल! ओढू नका!"

माझा आवाज दरडीवर आपटून परत आला. वर काहीतरी पिवळं सर्रकन फिरलं, दगड घरंगळले आणि सगळं थांबलं. रायफल उडाली नाही.

धनगर ओढा ओलांडून माझ्याकडे आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "तीन दिस झाले म्या झोपलो न्हाई. समोर आलता. डोळ्यानं बघितला म्या. काय केलंत हे?"

मामंजी खाली उतरले. उतरताना त्यांनी प्रत्येक खाच हाताने शोधली. मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि इतका वेळ बसमध्ये, ट्रकमध्ये जे घोकलं होतं ते बोलले.

"माझी चूक झाली, मामंजी. दोन काडतुसांत मी बारा बोरची दारू भरली. डबा चुकला माझा."

ते माझ्याकडे बघत राहिले. दोन काडतुसं कुणी भरली हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी वाट पाहिली. ते म्हणाले, "रायफल रिकामी करतो," आणि बोल्ट ओढायला लागले.

जीपमधली पक्कड आणली. बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं. रायफलीतली चार काडतुसं आणि त्यांच्या कमरपट्ट्यातली पाच मी ओळीने ठेवली. पक्कडीत गोळी धरायची आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवत उपसायची. नळीत होतं ते पहिलं उघडलं. काड्या. दुसरं. काड्या. तिसरं काडतूस दुसऱ्याच्या मागोमाग नळीत जाणारं होतं. कागदावर चकत्या पडल्या, गव्हाच्या कोंड्यासारख्या.

गार्ड म्हणाला, "अरे बापरे."

मामंजींनी चिमूटभर उचलून बोटांत चोळली. "हाताला हलकी लागली होती," ते इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं असेल. "मला वाटलं, नवी दारू असेल."

दुसरं खराब काडतूस पट्ट्यातलं अगदी शेवटचं निघालं. सगळी दारू गार्डने ओढ्यात टाकली.

"मग दुसरी नाय का गोळी?" धनगराने विचारलं.

"नाही," मामंजी म्हणाले.

"शिकल्याली बाई म्हंत्यात," धनगर माझ्याकडे न बघता म्हणाला. मामंजी रिकामा पट्टा गुंडाळत राहिले. जीपमध्ये परतताना मला त्यांचा राग आला, माझाही आला. ते हात मांडीवर ठेवून सरळ पुढे बघत होते.

त्या आठवड्यात बिबट्याने धनगराची आणखी दोन मेंढरं नेली. मामंजी घरी जेवत, झोपत, पण माझ्याशी कामापुरतंच बोलत. नवव्या दिवशी गार्डचा निरोप आला, बिबट्या पिंजऱ्यात सापडला. त्याच दुपारी मामंजींनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल, दवाखान्यात जायचंय."

मला वाटलं डोळे दाखवायचे असतील. ते बायकांच्या वॉर्डाबाहेर गेले. धनगर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. त्याने उठायला बघितलं.

"बस," मामंजी म्हणाले आणि त्याच्या शेजारी फरशीवरच बसले. माझ्या सासऱ्यांना मी त्याआधी कधी कुणाच्या शेजारी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. "त्या दिवशी सूनबाईची चूक नव्हती. ती दोन काडतुसं मी भरली होती. मला डबा ओळखू आला नाही. मला दिसत नाही आता. वर्ष झालं असेल."

धनगराने भिंतीवरची पाठ सोडली.

"तुमास्नी दिसत न्हाई," तो म्हणाला. "आन् त्या दिशी झाडाखाली म्या हुबा व्हतो. म्या हात वर केला, तवा तुमी कुटं नेम धरला व्हता, मालक?"

मामंजींनी खरं सांगितलं. "तुझा हात दिसला. पुढं नुसतं पिवळट दिसत होतं, त्यावर धरला."

तो उठेल, निघून जाईल, शिवी देईल, असं मला वाटत होतं. त्याने मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"बाईसाहेब," तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी वरडल्या, ते बरं केलं." मग मामंजींना म्हणाला, "आत या. तिला सांगा तुमच्या तोंडानं. ती रोज इचारती, मालकानं मारला का न्हाई."

मामंजी भिंतीला धरून उठले. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि आम्ही आत गेलो. बाई खाटेवर बसली होती, उजवा हात गळ्यात बांधलेला. मामंजींनी तिला सगळं सांगितलं, काहीही न वगळता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग डोळं कवा दाखिवणार?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन माघात झालं. पट्टी सुटल्यावर मामंजींनी रायफल स्वतः ठाण्यात नेऊन दिली. पिशोरच्या त्या बाईचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. पुढे ती दवाखान्यात दाखवायला आली की आमच्याकडेच उतरे, डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली होती, आणि मी कॉलेजातून येईपर्यंत मामंजींना मोठ्याने बोलून सगळ्या गावाच्या बातम्या सांगत असे.