दोन दिवस बंद ठेवलेलं औषध

बाबांचं लिव्हर कामातून गेलं तेव्हा डॉक्टरांनी पाकासारखं चिकट, गोड औषध लिहून दिलं. "ही साखरच आहे, पण अंगात मुरत नाही," ते म्हणाले. "आतड्यातच राहते आणि लिव्हरला न झेपणारं विष संडासावाटे बाहेर काढते. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर ते विष मेंदूत जाईल." बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, तरी आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले निम्मे लोक ते पितात असं धरूनच चालले होते. त्याचा मला अजून राग येतो.

मग रोज सकाळी मी औषध द्यायची आणि दुपारपर्यंत मागे लागायची, "बाबा, पोट साफ झालं का? किती वेळा?" रेल्वेच्या ऑफिसात मान ताठ ठेवून जन्म काढलेला माणूस, आणि पोरीला हे सांगायची पाळी. वाटेत कळ आली तर काय, म्हणून त्यांनी देवळात जाणंही सोडलं.

त्यात आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. बाबा तिचे एकुलते एक मामा. मुलीला मांडवात आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं, हा मान मामाचा. "तेवढ्यासाठीच जगून राहिलो," असं ते येईल त्याला सांगायचे.

लग्नाला दोन दिवस राहिले आणि त्यांनी चमचा बाजूला सारला.

"आता नको देऊ. पोरीच्या मांगं उभा राहीन अन् मधातच पळा लागलं त? एवढ्या लोकाईसमोर?"

"डॉक्टर काय म्हणाले, आठवतं ना?"

"डॉक्टरले तिथं उभं राहा लागत नाही."

मला हसू आलं. खरं तर मला त्यांची दया आली होती, आणि मूर्खासारखी मी बाटली कपाटात ठेवून दिली.

लग्नाच्या सकाळी त्यांनी शर्टाची बटणं वरखाली लावली. मी ती नीट करून दिली आणि आनंदाने गडबडलेत, अशी स्वतःची समजूत घातली. भटजींनी मामाला हाक मारली. बाबा मुलीचा हात धरून निघाले ते मांडवाऐवजी हॉलच्या दाराकडे. तिनेच त्यांना हळूच वळवलं. तिच्या मागे ते उभे राहिले खरे, पण हात असे थरथरत होते की मुठीतल्या अक्षता खाली सांडत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. हिंदी ते फक्त बाहेरच्यांशी बोलायचे; घरात बोललेलं त्यांना खपायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "दीदी, ये किसकी शादी है?"

आम्ही त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. तिथे तेच औषध नाकातल्या नळीतून दिलं, त्याचाच एनिमा दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते भानावर आले.

"काहून रडून राहिली?" त्यांनी विचारलं. मग थोड्या वेळानं, "लग्न झालं?"

"झालं."

"मी उभा होतो ना पोरीच्या मांगं?"

"होता ना बाबा. शेवटपर्यंत."

"मंग मले काहून आठवत नाही?"

उत्तर मला माहीत होतं. मी ते दिलं नाही. आता द्यायचं म्हटलं तरी बाबा नाहीत.