पट्टीवरचा निळा रंग

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. धंद्यातल्या आठवणी मी याआधी लिहिल्या आहेत, पण हा विषय आला की एका वाक्यात आटोपायचो. परदेशी गाडीचं एक काम आलं होतं, ते जमलं नाही, एवढंच. जमलं नाही हे खरं आहे. का जमलं नाही, ते आता लिहितो.

शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्नचं वर्कशॉप होतं. फौंड्रीत वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओततात. तो साचा वाळूत उमटवायला आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. लाकूड घडवण्याचं काम माझ्या भागीदाराचं. ड्रॉइंग वाचणं, गिऱ्हाईक सांभाळणं आणि तयार पॅटर्न तपासणं हे माझं. भागीदार होण्याआधीपासून आम्ही मित्र होतो.

त्याच्या कामाच्या बाकड्याच्या वर भिंतीला एका जुन्या शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. कुठल्या तरी कॅलेंडरवरचं. जमिनीला टेकलेली, गोल दिव्यांची, चोवीस तास पळून धुळीने माखलेली गाडी. त्याने स्वतः सायकल आणि मोपेडपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण चहाच्या वेळी त्या चित्राकडे बघत एकदा तरी म्हणायचा, "चोवीस तास न थांबता पळायचं म्हंजे काय गंमत हाय व्हय. आमचा टेम्पो निपाणीपातूर गेला तर दोनदा पाणी मागतोय."

एके दिवशी पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर आमच्याकडे आला. परदेशात कुणी तरी त्याच जुन्या गाडीची नवी आवृत्ती काढत होतं. रूप जुनं, आतलं यंत्र आजचं, आणि शर्यतीऐवजी रस्त्यावर चालवायची. मागच्या काचेतून इंजिन दिसणार होतं, म्हणून तिथले काही भाग जुन्यासारखे वाळूत ओतलेले हवे होते. त्यातलं गिअरबॉक्सचं एक कव्हर ॲल्युमिनियममध्ये ओतून नमुना द्यायचा होता.

भागीदार आधी ड्रॉइंगकडे आणि मग भिंतीकडे बघत राहिला.

"पावणं, ही तीच हाय?"

"तीच, काका. फक्त नवी."

"म्हंजे म्हाताऱ्याला तरणा केलाय म्हणा की. मलाबी बसवा जरा."

"गाडीत?"

"गाडीत कोण बसवतंय आमाला. ज्या मशिनीत तरणा केला, तिच्यात बसवा."

इंजिनिअर हसला. काम आम्हाला मिळालं. भागीदाराच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हे शेवटचं मोठं काम, असं त्यानेच घरी सांगून टाकलं होतं. "हे एक चांगलं जाऊ दे, मग बसतो नातवंडं खेळवत," असं तो मला म्हणाला.

इथे पट्टीविषयी सांगायला हवं. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे वेगळ्या पट्ट्या असतात. त्यांच्यावरचा मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा जरासा मोठा असतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कमी आकसतं, ॲल्युमिनियम जास्त, म्हणून दोघांच्या पट्ट्या वेगळ्या. आमच्या दोन्ही पट्ट्या जुन्या होत्या आणि त्यांच्यावर कोरलेली अक्षरं झिजून गेली होती. म्हणून बीडाच्या पट्टीला टोकाशी लाल रंग आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला निळा. भागीदार रंग बघून पट्टी उचलायचा, वाचत बसायचा नाही.

खंडेनवमीला शेडमधली सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळदीकुंकू लावायचं आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, अशी आमची रीत. पुसण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे असायचं. त्या वर्षी मी पट्ट्या थिनरने घासल्या आणि दोन्हींचा रंग निघून गेला. पूजेची घाई चालली होती. टोकाचं भोक मोठं ती बीडाची, अशी माझी समजूत होती. तिच्यावर लाल लावला, दुसरीवर निळा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या असत्या तर फरक डोळ्यांना दिसला असता. मी ठेवल्या नाहीत. माझी समजूत उलटी होती.

दसऱ्यानंतर त्याने सागवानात ते कव्हर घडवायला घेतलं. इतक्या सावकाश काम करताना मी त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं. बाहेरच्या बाजूच्या उभ्या, उंच रेघांसारख्या बरग्या त्याने हाताने घासल्या, पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून बघितल्या. पूर्ण झाल्यावर मी पॅटर्न तपासला. तपासला तो त्याच निळ्या पट्टीने, त्यामुळे सगळी मापं बरोबर आली. पॅटर्न फौंड्रीत गेला त्या दिवशी त्याने शेजारच्या शेडमध्येसुद्धा पेढे वाटले.

नमुना पुण्याला पोचल्यावर फोन आला तो आमच्या सुट्टीच्या दिवशी. कव्हर लहान आलं होतं. बोल्टची भोकं पाडली तर ती त्यांच्यासाठी ठेवलेल्या गोल उठावांच्या मधोमध न येता कडेला सरकत होती, आणि तिथला धातू पातळ राहत होता. इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येणार होता.

मी एकटाच शेडवर गेलो. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. त्या क्षणी मला भागीदार आठवला नाही. आठवली ती मधल्या दिवसांत बाहेर गेलेली बीडाची कामं. ती चुकीच्या पट्टीने किंचित मोठी झालेली असणार होती. मोठं असलं तर कातून बसवता येतं, म्हणून कुणाची तक्रार आली नव्हती. पण आमची पट्टीच चुकीची होती हे बाहेर कळलं असतं, तर प्रत्येक गिऱ्हाईक आपापलं काम परत मोजायला लागलं असतं. एका माणसाच्या हातून चूक झाली, तर ती त्या माणसापुरती राहते. असा विचार मी केला, आणि तो मला त्या वेळी शहाणपणाचा वाटला.

मी दोन्ही रंग थिनरने पुसले आणि बरोबर लावले. पट्ट्या खिळ्याला अडकवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर कव्हर घेऊन आला. भागीदाराने ते हातात घेतलं, फिरवलं, पॅटर्नशेजारी ठेवलं. इंजिनिअरने मला बाजूला घेऊन विचारलं, "कसं काय झालं हो?"

"वय झालं त्यांचं," मी म्हणालो. "डोळ्याचं ऑपरेशनही झालंय. पट्टी उचलताना गफलत झाली असणार."

शेड काही मोठी नव्हती. भागीदाराला ऐकू गेलं.

"तू तपासलं न्हाईस व्हय?" त्याने मला विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घाईत होतो. तुझ्यावर सोडलं."

त्याने खिळ्यावरच्या दोन्ही पट्ट्या काढून शेजारी ठेवल्या. निळी पट्टी बरोबर होती. मग त्याने पॅटर्नला ती लावून बघितली, लाल लावून बघितली. लाल पट्टीची मापं तंतोतंत जुळली.

"लाल उचलली की मी," तो म्हणाला. "निळी समजून लालच धरली. दिसलंच न्हाई मला."

इंजिनिअर भला माणूस होता. होतं असं, काका, म्हणाला. पण त्यांच्याकडे वेळ नव्हता, आणि पुढचा पॅटर्न त्यांनी संगणकाच्या मशीनवर दुसरीकडे करून घेतला. आमची बाकीची गिऱ्हाइकं टिकली.

भागीदार त्या आठवड्यात पुन्हा बाकड्यावर बसला नाही. नंतर सवडीने येऊन पटाशा तेल लावून कापडात गुंडाळल्या आणि मला म्हणाला, "नजर गेली म्हंजे थांबावं. आणखी कुणाचं वाटोळं कशाला करू." चित्र मात्र त्याने काढलं नाही. तो जयसिंगपूरला मुलीकडे राहायला गेला.

गाडी पुढे खरोखरच बाजारात आली. मोबाईलवर तिचा व्हिडिओ मी पाहिला आणि त्याच आठवड्यात जयसिंगपूरची एसटी धरली. या वेळी सांगायचंच असं ठरवून निघालो होतो.

मुलीने दार उघडलं. आत जाता जाता हळूच म्हणाली, "काका, तुम्हीच काही तरी सांगा आप्पांना. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी शेजाऱ्याला बोलावतात. म्हणतात, माझ्या हातानं वाकडा जाईल."

तो खिडकीपाशी बसला होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"ये मर्दा. जिवंत हाईस व्हय अजून?"

"तुझ्या आधी जायचं नाही असं ठरवलंय."

"मग बस निवांत. लई दिस लागतील."

त्यानेही तो व्हिडिओ पाहिला होता. नातवाने मोबाईलवर साठवून दिला होता. त्याने तो लावला, मोबाईल माझ्यासमोर धरला आणि गाडीची मागची काच दिसली तिथे थांबवला.

"त्या बरग्या बघ. तितं आपलं असायला पायजे हुतं."

मी बघितलं. तोंडात शब्द आले होते. तेवढ्यात त्याने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

"तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "माझ्यापायी त्या पुण्यावाल्यासमोर तुझी मान खाली गेली. तू कदी बोलला न्हाईस, ही तुझी रीत. पर माझ्या मनातनं जात न्हाई. माफ कर गड्या."

मुलगी चहा घेऊन आली. मी कप घेतला.

"सोड रे," मी म्हणालो. "जुनं झालं ते."

त्याला बरं वाटलं असावं. मग तो नातवाच्या शाळेविषयी आणि उसाच्या ट्रॉल्यांनी अडणाऱ्या रस्त्याविषयी बोलत बसला. निघताना तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला आणि कंडक्टरला म्हणाला, "पावण्यास्नी खिडकी द्या."

परत भेट झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. पट्ट्या माझ्याकडे आहेत आणि रंग अजून बरोबर आहेत. त्या दिवशी जयसिंगपूरला जाताना हातकणंगल्याच्या अलीकडे खिडकीत बसून मी शब्द जुळवले होते. ते फार नव्हते. तुझी नजर गेली नव्हती. रंग मी चुकवला, आणि चूक कळल्यावर पुसलाही मीच. तुझा हात शेवटपर्यंत बरोबर होता. मला माफ कर.