कुलूप मेलला होतं

आमच्या कारखान्यात फोन आत न्यायला बंदी होती. गेटवरच्या कप्प्यात ठेवायचा, सुटताना घ्यायचा. मी तिथे प्रयोगशाळेत होते. दिवसभर नाकात सॉल्व्हंटचा वास. दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापासून लांब राहा. आधीचं एक गेलं होतं. आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत; सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. पण विभाग बदलून हवा तर कारण द्यावंच लागणार. म्हणून मी पर्सोनेलच्या साहेबांना गोपनीय मेल पाठवला. तो फॉरवर्ड होत नाही, त्याची प्रिंट निघत नाही, फोनवर आलेला कोड टाकल्याशिवाय उघडतही नाही. बाईने याहून जास्त काय करायचं?

साहेबांचा फोनही गेटवर. त्यांनी इंटरकॉमवरून वॉचमनकडून कोड वाचून घेतला. इथवर ठीक. पण मेल आमच्या विभागप्रमुखांकडे फॉरवर्ड होईना, तेव्हा या शहाण्याने त्यांना चहाच्या वेळी बोलावून तो मोठ्याने वाचून दाखवला. निम्मं ऑफिस तिथेच चहा पीत होतं. कुलूप मेलला होतं, साहेबांच्या तोंडाला नव्हतं.

संध्याकाळी बसमध्ये सफाईकाम करणाऱ्या नवापूरच्या मावशी शेजारी येऊन बसल्या. "जप गो बाय. दुसरा मयना हाय ना?" मायेनेच विचारलं त्यांनी, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरावलीला उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाब विचारला, तर हसले. "अहो मॅडम, आनंदाचीच बातमी ना? पेढे कधी देताय?"

विभाग बदलायची ऑर्डर निघायच्या आत मूल गेलं. कशामुळे, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. कामावर परतले त्या सकाळी बसमध्ये मावशींनी विचारलं, "आता तिसरा लागला गो?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

रजेचं कारण लेखी द्या, असा साहेबांचा निरोप आला. हवं तर गोपनीय मेल टाका म्हणे! माझं डोकंच फिरलं. मी मेल टाकला नाही. चहा यायची वाट पाहिली, ऑफिसात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, माझं मूल गेलं. मागचं तुम्ही वाचून दाखवलंत, हे मीच सांगते."

कुणी कप खाली ठेवला नाही, कुणी प्यायलंही नाही.

"मॅडम, असं सगळ्यांसमोर बरं दिसत नाही," साहेब म्हणाले, आणि दार लावायला उठले.