नाव न घातलेली कॅसेट

रत्नागिरी जिल्ह्यात आजवर सगळ्यात जास्त कंटाळा कोणी निर्माण केला असेल, तर तो आमच्या आत्याच्या धाकट्या दिरांनी. हे मी कौतुकानं लिहितो आहे. पुढाऱ्यांची भाषणं ऐकून आपल्याला कंटाळा कळला असं ज्यांना वाटतं, त्यांनी काकांची 'बर्फ' ही कॅसेट एकदा ऐकावी. पंचेचाळीस मिनिटं एकच घुमणारा आवाज, आणि तो थांबतो तेव्हा झोपेत कोणी अंगावरचं पांघरूण ओढून घेतल्यासारखं वाटतं. ऑर्केस्ट्रा बोलावून वर्गण्या उधळणाऱ्या आमच्या मंडळांनी या माणसाला एकदाही स्टेजवर बसवलं नाही, याचा मी जाहीर निषेध करतो. काकांना मात्र त्याचं काही नव्हतं. स्टेजवर बोलावलं असतं तरी ते मागे जनरेटरपाशी जाऊन उभे राहिले असते.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माणसानं ऐकावा असा टेलिफोनमध्ये एकच आवाज असतो, तो म्हणजे नंबर फिरवण्यापूर्वीचा. नंबर फिरवला की बिघडलं, असं त्यांचं मत. तो आवाज टेप करून, निम्म्या वेगानं वाजवून त्यांनी आख्खी एक कॅसेट भरली होती. ती लागली की आत्या दोनदा तरी उठून रिसीव्हर नीट ठेवून यायची. भंगारातून आणलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर हे त्यांचं एकमेव वाद्य. हवा तेवढा आवाज पट्टीवर घ्यायचा, पट्टी कापायची, दोन्ही टोकं चिकटवून तिचा फेरा करायचा, आणि तो मशीनमधून निघून खिडकीच्या गजाला, तिथून लोणच्याच्या बरणीला वळसा घालून परत मशीनमध्ये सोडायचा. तेच ते, तेच ते, तासन् तास. आत्याला पोह्यांचा डबा काढायला त्या पट्टीखालून वाकून जावं लागे. तिनं जन्मात देवापुढे इतकं डोकं वाकवलं नसेल. फेरा झिजत जाई, आवाज पुसट होई, तसतसे काका खुलत. शेवटी त्याची एक कॅसेट भरायची आणि पट्टी टाकून द्यायची. दुसरी प्रत काढायची नाही. आमच्या चळवळीच्या पत्रकांच्या हजार प्रती निघत आणि वाचत कोणी नसे. त्यांची प्रत एकच आणि ऐकतही कोणी नसे. एवढं सोडलं तर आमच्यात साम्य काही नव्हतं.

माझ्या आवडीचा क्रम विचाराल, तर 'बर्फ' तिसरी. ती हर्णे बंदरातली. संध्याकाळी मासळीचा लिलाव ऐन रंगात आलेला, माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडतायत, आणि काका सगळ्यांकडे पाठ करून बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला माईक लावून उभे. एका कोळणीला राहवलं नाही. "काका, माणसं हिकडं बोलतायत, तुमी भिंतीचं काय ऐकताय?" काकांनी तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं दुसरा कान हातानं झाकला, मग म्हणाली, "आमच्या सासूसारखी हाय. थांबत नाय." हा शेरा काकांनी वेष्टनावर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवला.

दुसरी 'खेड'. पुतण्याच्या लग्नाला सगळं घर कोकण रेल्वेनं मुंबईला निघालं होतं. क्रॉसिंगसाठी गाडी खेडला थांबली, इंजिन नुसतंच धडधडत राहिलं, आणि काका मशीन घेऊन उतरले. गाडी सुटली ती त्यांना सोडून. नवऱ्याच्या मुंडावळ्या काकांच्या पिशवीत. घरातले लोक ही गोष्ट आजही दात ओठ खाऊन सांगतात. मी मात्र ती कॅसेट ऐकली आहे. शेवटी इंजिनाचा आवाज लांब जातो आणि फक्त फलाट उरतो, तिथे मला दर वेळी काहीतरी होतं. लग्नं काय, रोज लागतात.

आता मी हे लिहितो आहे, पण त्या दिवसांत मला पाच मिनिटं एका जागी बसवत नसे. आमच्या गावाच्या डोक्यावर, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जांभ्या दगडाच्या चिरेखाणी सुरू झाल्या होत्या आणि खालच्या विहिरी शिमग्यालाच तळ दाखवू लागल्या होत्या. मी सकाळी तहसील, दुपारी छापखाना, संध्याकाळी गावात. काकांकडे ऐकायला बसायचं तर त्यांचे कायदे: पंखा बंद, चहा आधी, मध्ये उठायचं नाही. "पुढारी, गुडघा हलवू नकोस," ते डोळे मिटूनच म्हणत, "ऐकू येतो." एकदा मी चिडून म्हटलं होतं, की इकडे पाणी चाललं आहे आणि तुम्ही भिंती ऐकत बसता, हा चैनीचा प्रकार आहे.  पुढच्या खेपेला निघताना त्यांनी माझ्या हातात एक कॅसेट ठेवली. वेष्टन कोरं. आजवर त्यांनी कोणाला कॅसेट घरी नेऊ दिली नव्हती. म्हणाले, "घरी ऐक. पूर्ण. आणि नाव तू घाल."

तीन आठवडे ती माझ्या पिशवीत पत्रकांखाली होती.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी असं ठरलं, की सभेच्या सकाळी रिक्षावर भोंगा बांधून गावात फिरायचं. घोषणा टेप करायला कॅसेट मिळेना. मी पिशवीतली ती लावली, मिनिटभर ऐकली. नुसती खरखर. काकांचे आवाज मुंगीच्या पावलानं वर येतात हे मला माहीत होतं, शपथेवर सांगतो, माहीत होतं. पण घाई होती, आणि घाईत असलेल्या माणसाला आपण बरोबरच आहोत असं वाटतं. कोरी आहे असं स्वतःला सांगून मी बटण दाबलं आणि बारा मिनिटं गावाला जाब विचारला: विहीर कोणाची, सडा कोणाचा, पाणी कोणाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीत रिक्षा फिरत होती. माझ्या घोषणा संपल्या आणि मी कॅसेट मागे घेणार, तेवढ्यात भोंग्यातून लाकूड करकरलं. मग पाण्यानं भरलेले लोटे एकामागून एक पन्हळीत ओतल्याचा आवाज. परत करकर. परत पाणी. रहाट चालत होता. आमच्या भागातला शेवटचा रहाट वेळणेश्वरला काकांच्या बहिणीच्या माडाच्या वाडीत होता, त्याच्या जागी पंप बसला होता, हे मला ठाऊक होतं. काकांनी तो टेप केला हे ठाऊक नव्हतं. रिक्षावाल्यानं आपणहून वेग कमी केला. माझ्या घोषणांना ज्या घरांनी दार लोटून घेतलं होतं, त्या घरांतली माणसं पायरीवर आली. एक म्हातारा काठी टेकत कुंपणाच्या बेड्यापर्यंत आला आणि मला विचारतो, "रहाट कोणाचा सुरू झाला रे?"  मला भोंगा बंद करवेना.

ग्रामसभेला माणसं आली. ठराव झाला. खाण थांबली नाही, पुढच्या सड्यावर सरकली, आणि त्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी वेगळ्या पत्रकात म्हटलेलं आहे. मला भीती काकांची होती. त्यांच्या बहिणीचा रहाट गेला होता, त्याची एकच प्रत होती, आणि ती मी बारा मिनिटं खरवडून काढली होती. यापुढे त्या घरात मला कोणी 'बस' म्हणणार नव्हतं. तरी गेलो आणि उभ्यानंच सांगून टाकलं.

काकांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "ऐकलीस?"

"ऐकली. भोंग्यावर."

"मग पूर्ण नाही ऐकलीस," ते म्हणाले, आणि उठून पंखा बंद केला. "बस मेल्या."

कॅसेट सुरू झाली. माझाच आवाज, पण पंचा घेऊन पट्टीवरून पुसून टाकावा असा. बारा मिनिटं मी गुडघे धरून बसलो. काका डोळे मिटून, जसे 'बर्फ' ऐकायला बसतात तसेच मला ऐकायला बसलेले. आणि मग एका घोषणेनंतर मी श्वास घ्यायला थांबलो होतो तिथे, खूप खालून, पुसट, रहाट करकरला. पुढच्या घोषणेनंतर परत. मी ओरडत होतो तेवढा सगळा वेळ तो माझ्याखाली पाणी काढत होता. काकांनी एक डोळा उघडला.

"तुझ्या मशीनचं जुना आवाज खोडायचं हेड घाण झालंय. पुसू नकोस हो ते."

एवढीच शिक्षा. बाजू संपली, त्यांनी कॅसेट परत माझ्या हातात दिली, नाव घाल म्हणाले.

काका आता ठाण्याला मुलीकडे असतात. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, बोलत नाहीत. इमारतीच्या पाण्याच्या पंपाजवळ फोन धरून उभे राहतात. मी पूर्ण ऐकतो. ती कॅसेट माझ्या क्रमात पहिली, आणि वेष्टन अजून कोरंच आहे. सुचलेली सगळी नावं पत्रकाच्या मथळ्यासारखी वाटतात. वर्षातून एकदा, पंखा बंद करून, मी ती लावतो. दर वेळी पट्टी थोडी झिजते. रहाट आणि मी, दोघांपैकी आधी माझा आवाज जावा, एवढंच म्हणणं आहे.