काउंटरवरची व्हीबाई

धाकटीला बोलता येत नव्हतं असं नाही. तिला बोलायला सुरुवात करता येत नव्हती. एकदा पहिला शब्द सुटला की पोरगी धडाधड बोलायची, पण तो पहिला शब्दच तोंडाच्या दारात अडून बसायचा, आणि समोर परका माणूस असला की कधी मधलाही. त्यातही सगळी अक्षरं काही वैरी नव्हती. ज्यांच्यासाठी ओठ किंवा जीभ घट्ट आवळावी लागते, ती प, ब, क, ग, च, ड ही मंडळी तिच्या वाटेत आडवी पडायची. 'ब' म्हणायला गेली की ओठ मिटायचे ते मिटायचेच, मान ताठ व्हायची, आणि समोरचा माणूस दयेपोटी दुसरीकडे बघायचा. ते दुसरीकडे बघणं तिला सगळ्यात जास्त लागायचं.

लहानपणी आईने बटाटे आणायला पिटाळलं की ही वांगी घेऊन यायची. भाजीवाल्यासमोर 'बटाटे' काही केल्या फुटायचं नाही, 'वांगी' मात्र अलगद निघायचं. आई कपाळावर हात मारून घ्यायची. "अगं, ह्या घरात माणसं राहतात की वांगी?" वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, घरात फारसं बोलायचे नाहीत. तेवढं "चांगली आहेत की" म्हणून मुकाट्याने जेवायचे.

मोठी बहीण तोंडाने तिखट, पण धाकटीवर तिचा भारी जीव. धाकटी अडली की उरलेला शब्द मोठी पुरा करायची. दुकानात, शाळेत, डॉक्टरकडे, सगळीकडे. ही सवय इतकी मुरली की धाकटीला म्हणायचं असायचं एक, मोठी पुरं करायची भलतंच, आणि वाद नको म्हणून धाकटी मान डोलवायची. एकदा तिला पेन्सिल हवी होती आणि ती घरी आली पिशवी घेऊन. पुढे मोठीचं लग्न झालं, ती लांबच्या गावी गेली, आणि धाकटी आपल्या अडेल तोंडासकट एकटी उरली.

मोठ्या इस्पितळासमोरच्या गल्लीत एक तीन मजली हॉटेल होतं. तिथे मौजेसाठी कोणी उतरत नसे. पेशंटांचे नातेवाईक यायचे, कुठकुठून आलेले, एकमेकांची भाषा न कळणारे. म्हणून काउंटरवर सगळा कारभार मोडक्यातोडक्या इंग्रजीत. धाकटीला काम लागलं ते आतल्या खोलीत, धुऊन आलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे कपाटात लावायचं. चादरींशी बोलावं लागत नाही. ती खूश होती.

हॉटेलच्या मालकीणबाई म्हणजे कात्री. एके सकाळी त्यांच्याशी भांडून काउंटरवरचा कारकून चालता झाला. बाईंनी आत येऊन धाकटीच्या हातातली चादर काढून घेतली.

"चल, बाहेर उभी राहा."

"मला ब... ब..."

"उभं राहायला तोंड लागत नाही. चल!"

पाच मिनिटांत दारातून एक गृहस्थ बॅग ओढत आले. 'गुड मॉर्निंग' म्हणायचं होतं, पण 'ग' घशात रुतून बसला. गृहस्थांनी नजर वळवायला सुरुवात केली तोच तिच्या तोंडातून जोरात बाहेर पडलं, "वेलकम!" इतक्या जोरात, की आतून आचारी धावत आला. गृहस्थ मात्र प्रवासाच्या शिणातही हसले.

संध्याकाळी तिने वडिलांना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून डिक्शनरी आणायला लावली. डब्ल्यूचे शब्द तिने आधी पालथे घातले. वॉटर, विंडो, वेट, व्हेअर. पण त्यांवर काउंटर चालेना. प्रश्न विचारता येत होते, उत्तरं देता येत नव्हती. मग ती काही पानं मागे गेली आणि व्हीपाशी थांबली. मराठी जिभेला डब्ल्यू काय नि व्ही काय, दोन्हीकडे 'व'च. इंग्रजीत व्हीचे शब्द थोडे, त्यामुळे तो भाग एवढा किरकोळ, की पानं भराभर उलटली तर हाती लागायचाच नाही. लोकांना त्याची फारशी गरज पडत नसावी. धाकटीने मात्र तिथेच बिऱ्हाड थाटलं.

'चेक' अडायचं, म्हणून ती 'व्हेरिफाय' म्हणू लागली. गेस्टला 'व्हिजिटर', कारला 'व्हेइकल', बिलाला 'व्हाउचर'. औषधाचं दुकान कुठे आहे, म्हणून कोणी विचारलं तर "इन द व्हिसिनिटी" म्हणून बोटाने कोपरा दाखवायची. नाश्त्याला काय आहे? "व्हरायटी!" त्यावर आचारी आतून ओरडायचा, "कसली व्हरायटी? टोस्ट आणि अंडी!" सुरुवातीला फजितीही झाली. 'व्हेकंट' आणि 'व्हॅक्यूम' यांची तिच्या डोक्यात गल्लत झाली, आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांना तिने रुबाबात सांगितलं, "युवर रूम इज व्हॅक्यूम." डॉक्टरांनी चष्मा वर केला. "म्हणजे श्वास आत जाण्याआधीच घेऊन ठेवू का?" त्या दिवशी तिने तो शब्द अर्थासकट घोकला.

मालकीणबाई वैतागायच्या. "सरळ 'बुकिंग' म्हणता येत नाही का? व्हीची एजन्सी घेतलीयस?" पण त्यांनी तिला परत चादरींकडे धाडलं नाही. लोक तिला विचारत यायचे. सगळ्या हॉटेलात तिचं नाव 'व्हीबाई' पडलं, आणि तिला ते आवडलं.

त्या काळात तिथे एक शिंपी उतरला होता. घाईत निघाल्यामुळे गळ्यातली टेप तशीच राहून गेलेली. त्याच्या बायकोचं मोठं ऑपरेशन व्हायचं होतं आणि ती फार घाबरली होती. चावी घेताना तो तिथेच घुटमळला. धीर द्यावा म्हणून धाकटीला 'ब्रेव्ह' म्हणायचं होतं, पण 'ब'ने दार लावलं. तिने व्हीच्या घरात शोधलं.

"युवर वाइफ इज व्हॅलियंट."

त्याला शब्द कळला नाही. धाकटीने मूठ वळून छातीवर आपटली. मग कळलं. व्हॅलियंट, व्हॅलियंट असं पुटपुटत तो रस्ता ओलांडून इस्पितळात गेला. दुसऱ्या दिवशी सांगायला आला, की बायको आता इंजेक्शन द्यायला येणाऱ्या प्रत्येक नर्सला आपण व्हॅलियंट असल्याचं बजावते आहे.

ह्याच सुमारास इस्पितळात नव्याने आलेल्या एक बाई हॉटेलात राहत होत्या. लोकांच्या बोलण्यातले दोष सुधारण्याचंच त्यांचं काम. एका दुपारी त्या काउंटरशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही व्हीचेच शब्द का वापरता, ते माझ्या लक्षात आलंय."

धाकटीच्या कानशिलांत रक्त चढलं.

"फार हुशारीने वाट काढलीत तुम्ही. पण सगळा जीव लपवण्यात जातोय. एकदा मुद्दाम अडखळून बघा ना. काही होत नाही."

"वाट्टेल ते सांगू नका!" धाकटी ताडकन म्हणाली. "ह्या शब्दांनी उभं केलंय मला." त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

शिंप्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं. दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. पलीकडे शिंपी होता, आवाज पार फाटलेला. रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट बी निगेटिव्ह, इस्पितळाकडे त्या गटाचं रक्त संपत आलेलं. हॉटेलात कोणी आहे का, लगेच?

धाकटीने फोन ठेवला. खोल्याखोल्यांत इंटरकॉम होता. पण सगळ्यांना कळेल असं सांगायचं होतं 'ब्लड', सांगायचं होतं 'बी'. तिने क्षणभर व्हीकडे धाव घेतली. तिथून 'व्हायटल' आला, शिरेचा 'व्हेन' आला. असल्या कोड्यांतून कोणाला काय कळणार? तिने पहिल्या खोलीचं बटण दाबलं.

"ब... ब... ब..."

पलीकडून "हॅलो? हॅलो?" आणि फोन खाली. लाइन खराब आहे असं वाटलं असणार. तिने पुन्हा लावला. "ब... ब... वेट... ब... ब्लड!" घाम फुटला होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मालकीणबाई धावत आल्या, हात पुढे केला. "दे इकडे, मी बोलते."

धाकटीने रिसीव्हर सोडला नाही. "तुम्ही ब... बाहेरच्या लाइनवर लावा. शेजारच्या लॉजना."

आयुष्यात कोणाचं न ऐकलेल्या मालकीणबाई निमूट दुसऱ्या फोनकडे वळल्या.

धाकटी खोलीमागून खोली लावत गेली. दर वेळी तोच 'ब' तसाच अडत होता, पण आता तो निघेपर्यंत ती थांबत होती आणि पलीकडचेही थांबत होते. लोक जिन्याने खाली येऊ लागले. एक तरुण अर्धी दाढी केलेला, तोंडाला साबण तसाच. आचारी ॲप्रन सोडत आला, आपला गट कुठला हे त्याला ठाऊकच नव्हतं, तरी आला. साबणवाल्या तरुणाचा गट जुळला, शेजारच्या लॉजमधल्या एका बाईंचाही. शिंप्याची बायको वाचली.

त्या संध्याकाळी धाकटी आपण होऊन बोलणं सुधारणाऱ्या बाईंच्या खोलीशी गेली.

"तुमचं मला पटलं नाही," ती म्हणाली. "अर्धंच पटलं."

"कुठलं अर्धं?"

"व्ही मी सोडणार नाही. तरी मला ब... ब... बाकीची अक्षरंही हवीत."

बाई हसल्या आणि खुर्ची पुढे केली. शिकवणी पुष्कळ दिवस चालली. अडखळणं काही पुरतं गेलं नाही, अजूनही आहे. फक्त त्याला भिणं गेलं. मोठी माहेरपणाला आली तेव्हा जेवताना सवयीने तिने धाकटीचा शब्द उचलला. धाकटी म्हणाली, "ताई, थांब. माझा मी म्हणते." घरात सगळ्यांचे घास हातात राहिले. शब्द यायला वेळ लागला, पण आला. मोठीने डोळे पुसले आणि वर म्हणाली, "भाजी फारच तिखट झालीय."

पुढे ती कारकुनाची हेडक्लार्क झाली, मग हॉटेलचा सगळा कारभारच मालकीणबाईंनी तिच्यावर सोपवला. हॉटेलला रंगरंगोटी झाली, वर आणखी एक मजला चढला, तेव्हा बाईंनी छोटा समारंभ ठेवला. नेहमीची माणसं होती, इस्पितळातले डॉक्टर, नर्सा होत्या, शिंपी बायकोला घेऊन आला होता. दोन शब्द बोलायची वेळ आली तशा मालकीणबाई खुर्चीतून उठल्याच नाहीत.

"तू बोल," त्या धाकटीला म्हणाल्या. "हॉटेल तुझ्या तोंडावर चालतंय."

ती उभी राहिली. पहिल्याच शब्दाला अडली, सुटली, मग पुन्हा अडली. भाषण बरंच लांबलं, पण ते काही अडखळण्यामुळे नव्हे. तिला सांगायचंच पुष्कळ होतं. जेवण गार होतंय म्हणून आचारी दोनदा दारात येऊन खुणावून गेला. तिने त्याला हातानेच थांबवलं आणि पुढे बोलत राहिली.