पाकळीच्या जागी पान

वर्षानुवर्षं मी अकरावीच्या मुलांना फूल कापून दाखवते. बाहेरून आत चार मंडलं: निदलं, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर. मुलं जांभया देतात, मी ओरडते, तास संपतो. फूल म्हणजे काय याबद्दल मला कुणी नवीन काही दाखवेल ही शक्यताच मी धरली नव्हती. आणि त्या दिवशी कोपरखैरण्यातल्या आमच्या घरामागच्या वाफ्यात उभी राहून मी तिळाचं एक फूल नखाने उकललं आणि माझ्या तोंडून 'ई!' असा आवाज निघाला.

आत पाकळी नव्हतीच. पाकळीच्या जागी पान होतं. पुंकेसरांच्या जागी पानं. आणि मधोमध, जिथे बोंड धरायचं, तिथून एक कोवळी फांदी वर आलेली, तिलाही पानं. मी दुसरं फूल उकललं, मग तिसरं, मग हाताला येईल ते उकलत सुटले. सगळं हिरवं. पाल पाहूनही न दचकणारी बाई मी, पण त्या फुलांची मला भीती वाटली.

माझ्या शेजारी सासरे उभे होते आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुललेला होता. झाड दाखवायला त्यांनीच मला हाक मारून आणलं होतं. "बग गो, कसा फुटवा धरलाय!"

वाफा सासूबाईंचा. आमची शेती कधीच शहराच्या पोटात गेली. त्या जागी आता लोक गाड्या लावतात. पण जमीन जायच्या आधी बांधावर जे काळे तीळ व्हायचे, त्यांचं बियाणं सासूबाईंनी राखलं. घरामागे, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये जी पट्टी उरली, तिथे दर पावसाळ्यात पेरायचं, काढायचं, बरणीत भरायचं. त्यातलेच तीळ पितृपक्षात पाण्यात सोडायचे. पितरांना पाणी द्यायचं तर त्यांच्याच जमिनीचे तीळ हवेत, हा त्यांचा हट्ट. बाजारचे तीळ घरात आलेले त्यांना खपत नसत.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्या गेल्या. तो पावसाळा वाफा तसाच पडून राहिला. यंदा सासऱ्यांनी स्वतःहून बरणी उतरवली, जवळजवळ सगळं बियाणं पेरलं आणि चिमूटभर मागे ठेवलं, अविधवा नवमीसाठी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ती तिथी. वर्षश्राद्धाआधी ती करत नाहीत, म्हणून सासूबाईंची ही पहिलीच नवमी येणार होती.

आता सासरे हाडाचे भातकरी. भाताला जितके फुटवे जास्त तितक्या लोंब्या जास्त, हे त्यांच्या रक्तातच. तीळ मात्र कायम सासूबाईंकडे. त्यामुळे शेंड्याशेंड्याला हिरवे झुपके धरलेली ती झाडं पाहून गडी खूश. शेजारपाजारच्यांना बोलावून बोलावून दाखवलं. लोकांनीही तोंडभरून कौतुक केलं. त्यांना तरी काय कळतंय!

माझी कॉलेजातली मैत्रीण कृषी विद्यापीठात रोगांवर काम करते. तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मी तिथेच पायरीवर बसले. हा जिवाणू. त्याला स्वतःची पेशीभित्तिकासुद्धा नसते. तुडतुड्याच्या सोंडेतून झाडात शिरतो आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. फूल घडवणारी जनुकं जागच्या जागी असतात. पण त्यांनी बनवलेली प्रथिनं हा जिवाणू मोडून टाकतो. मग पुढच्या जनुकांना चालू व्हायचा निरोपच मिळत नाही, आणि पाकळी व्हायची ते पानच राहतं. वर अशा हिरव्यागार झाडावर तुडतुडे आणखी आवडीने बसतात आणि जिवाणू पुढच्या झाडावर नेतात.

"म्हणजे झाड मरत नाही?" मी विचारलं.

"लगेच नाही. जगतं. पण त्याला बी धरणार नाही. रोगट झाडं उपटा आणि ज्या झाडांना साधी फुलं आलेली दिसतील ती जपा."

मी धावतच वाफ्यात गेले. साधी फुलं आलेलं एकही झाड दिसेना.

"बाबा, सगळीच झाडं अशी होती? बारकी, पांढरी-गुलाबी फुलं आलेली नव्हती?"

"व्हती ना. काटकुळी. दांड्याला चारदोन फुलं. म्या उपटली. या जोमदारांना जागा नको?"

निरोगी तेवढी झाडं निवडून निवडून या माणसाने उपटली होती आणि रोगट झाडांना हाताने पाणी घातलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. ओरडायचंच होतं, पण त्यांच्या हातात झारी होती आणि ते माझ्याकडे शाबासकीच्या आशेने बघत होते. शेवटी सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून.

"म्हंजे याला तील येनारच नाय?"

"एकही नाही."

त्यांनी शेंड्याचा एक झुपका हातात घेतला. "दिसतंय तर किती चांगलं," म्हणाले. मग स्वतःच्या हातांनी त्यांनी सगळा वाफा उपटून गोणीत भरला.

नंतर कॉलेजला जाताना लक्षात आलं, शेजारच्या सोसायटीच्या बागेत सदाफुलीलाही हिरवी फुलं लागली होती. लोक हौसेने फोटो काढत होते. तिथूनच आमच्याकडे आलं असं मी म्हणणार नाही.

आता उरलं होतं ते बरणीतलं चिमूटभर. नवमीला ते पाण्यात गेलं की सासूबाईंचे तीळ जगातून संपले. चिमटीत पुढच्या वर्षीचा अख्खा वाफा मावतो, हे मला दिसत होतं. पण बायकोला तिचे तीळ देऊ नका, असं सासऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? नवरा तुर्भ्याच्या बाजारातून तिळाची पुडी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून गेला. बोलायची हिंमत त्याचीही नव्हती.

नवमीला सासरे पाटावर बसले. समोर सासूबाईंचा फोटो, ताम्हन, पाणी. त्यांनी पुडीकडे पाहिलंही नाही. बरणी उघडली आणि तीळ तळहातावर ओतले. हात ताम्हनावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो फोटोपुढे धरला.

"बग. हाईत अजून."

तीळ परत बरणीत गेले. त्यांनी पुडी फोडली.

"यंदा बाजारचं घे गो. तुजी चांगली झाडं म्या उपटली."

पाणी सोडून झालं, तसे ते उठले आणि बरणी माझ्या हातात दिली.

"पुढल्या साली खरं फूल आलं का मना दाव," ते म्हणाले. "इतकी वर्सं ती पेरत व्हती. म्या तिच्या वाफ्यातलं फूल कवा बगितलंच नाय."